चुंबक, मेंदू आणि माझा भाऊ

माझ्या धाकट्या भावाला एमडीचं व्यसन लागलं. एमडी म्हणजे मेफेड्रॉन, नाकाने ओढायची पावडर. २०१५च्या फेब्रुवारीत तिचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला. २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रॉन पकडलं, तेव्हा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ती बातमी मोठ्याने वाचली गेली. सगळे हळहळले. मी मान खाली घालून वह्या तपासत राहिले, कारण ती पावडर तोवर आमच्या घरात पोचली होती.

भाऊ कार्यक्रमांच्या रोषणाईचं काम करतो. लग्नं, गणपती, कंपन्यांचे सोहळे. रात्र-रात्र जागायचं, पहाटे सगळं उतरवायचं आणि टेम्पो भरून दुसऱ्या ठिकाणी जायचं. ‘एक लाईन घे, झोप उडेल,’ असं सोबतचं कोणीतरी म्हणालं आणि तिथून सुरुवात झाली. वर्षभरात तो इतका वाळला की आईने कावीळ समजून त्याला पथ्यावर ठेवलं. दोन-दोन दिवस तो झोपायचा नाही, मग दोन दिवस उठायचा नाही. उठला की भिंतीकडे बघत बसायचा.

मी दहावीला विज्ञान शिकवते. वैद्यकाशी माझा संबंध नाही. तरी हे लिहिते आहे, कारण भावाच्या उपचारात एक यंत्र आलं, डोक्याबाहेर धरलेल्या चुंबकाने मेंदूला चेतवणारं. त्याबद्दल मी मराठीत शोधलं तेव्हा हाती लागल्या त्या जाहिराती. इंग्रजीत शोधलं तेव्हा शोधनिबंध मिळाले, आणि ते समजायला मला रात्री जागवाव्या लागल्या. या दोन टोकांच्या मध्ये जी घरं गोंधळून उभी आहेत, त्यांना माझं वाचणं आणि बघणं उपयोगी पडावं एवढाच हेतू आहे.

पहिला धक्का यंत्राच्या आधीचा होता. या व्यसनावर गोळी नाही. दारूसाठी डायसल्फिराम आणि नॅल्ट्रेक्सोन आहे, ब्राउन शुगरसाठी बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन आहे, सिगारेटसाठी निकोटिनचं च्युइंगगम आहे. पण कोकेन, मेथॲम्फेटामिन, एमडी ही सगळी उत्तेजकं, आणि त्यांचं व्यसन सोडवण्यासाठी मान्यता मिळालेलं एकही औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडेसुद्धा नाही. २०२१मध्ये तिथे मेथॲम्फेटामिनच्या ४०३ व्यसनी रुग्णांवर नॅल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपियनच्या गोळ्या एकत्र देऊन केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. औषध मिळालेल्यांपैकी १३.६ टक्के लोकांना ठरवलेल्या कसोटीइतका गुण आला, आणि खोटं औषध मिळालेल्यांपैकी २.५ टक्क्यांना. फरक खरा होता, पण शंभरातल्या शहाऐंशी जणांना तेवढा गुण आला नाही. हे आकडे मी वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

अशा वेळी माणूस जाहिरातीकडे वळतो, आम्हीही वळलो. एका खासगी केंद्राच्या चकचकीत पत्रकावर मेंदूचं रंगीत चित्र होतं, त्यातला एक भाग लाल, एक निळा. चुंबकाच्या लहरींनी व्यसन मुळापासून जातं, औषध नाही, दुष्परिणाम नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. सगळ्या बैठकांचे पैसे एकदम भरायचे होते आणि रक्कम माझ्या पगाराला झेपणारी नव्हती. मी विचारलं, हे कोणत्या चाचणीत सिद्ध झालंय? त्याने पुन्हा पत्रकावरचं चित्र दाखवलं. भावाने शेवटचं केव्हा ओढलं, त्याला कधी फिट आली होती का, डोक्यात कुठे धातू आहे का, यातलं एकही त्याने विचारलं नाही. पुढे मला कळलं की हे प्रश्न आधी विचारायचेच असतात. तेव्हा मात्र एवढंच जाणवलं की ज्याला आपल्या मुलाबद्दल काही विचारावंसं वाटत नाही त्याच्या हाती मुलगा देऊ नये. आईने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो.

ओळखीच्या एका समुपदेशकांनी आम्हाला एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी भावाला एकट्याला आत बोलावलं, खूप वेळ बोलल्या, मग आम्हाला बोलावलं. आईची पहिली भीती पोलिसांची होती. मॅडमनी समजावलं की अमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४ अ हे कलम आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेऊन तो पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद त्यात आहे. आईला कलम कळलं नाही, पण तिचा चेहरा सैल झाला.

दुसरी भीती शॉकची. ‘पोराला शॉक देणार का?’ आईने थेट विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘नाही आजी. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देतात आणि मुद्दाम झटका आणतात. तो वेगळा उपचार, वेगळ्या आजारांसाठी, आणि तोही लोक समजतात तसा क्रूर नाही. इथे तो जागा राहील, खुर्चीत बसेल, तुमच्याशी बोलेल आणि घरी जाईल.’

मग त्यांनी जे सांगितलं त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्या म्हणाल्या, ‘एमडी सुटल्यावर त्याला जे नैराश्य आलंय ते खोल आहे आणि गोळ्यांनी पुरेसं हललेलं नाही. नैराश्यावर हे यंत्र चालतं याला भक्कम पुरावा आहे. तलफेवर चालेल का, याबद्दल आशा आहे, अभ्यास सुरू आहेत. मी हे नैराश्यासाठी देणार आहे. तलफ कमी झाली तर आनंदच आहे, पण तसं वचन देणार नाही.’ संमतीपत्रावर तेच लिहिलेलं होतं. भावाने ते स्वतः वाचून सही केली. कितीतरी दिवसांनी त्याने एखादा कागद शेवटपर्यंत वाचताना मी पाहिला.

यंत्राची खोली दातांच्या दवाखान्यासारखी दिसत होती. मागे झुकणारी खुर्ची, बाजूला कपाटाएवढा खोका, आणि त्यातून आलेल्या जाड वायरच्या टोकाला इंग्रजी आठच्या आकाराची, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली तांब्याची कॉइल. तंत्रज्ञ ताईंनी भावाला कापडी टोपी घातली, नाकाच्या वरपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने माप घेतलं आणि टोपीवर खुणा केल्या. दोघांच्या कानांत बोळे घातले, कारण प्रत्येक स्पंदाला कॉइल मोठा आवाज करते. खिशातला मोबाइल, घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या.

मग त्यांनी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला ठेवून कळ दाबली. टक. भावाच्या उजव्या हाताचा अंगठा उडाला. कॉइल किंचित सरकवली, पुन्हा टक, पुन्हा अंगठा. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, मी नाही हलवला.’

हा क्षण माझ्या आयुष्यातल्या मोठ्या क्षणांपैकी एक आहे. दहावीच्या पुस्तकातला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा मी दरवर्षी शिकवते. तारेचं वेटोळं घेते, गॅल्व्हानोमीटरला जोडते आणि चुंबक आत-बाहेर करते. चुंबक हलत असेल तोवरच सुई हलते, थांबला की सुईही थांबते. मायकेल फॅरेडेने १८३१मध्ये शोधलेलं हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन, आणि परीक्षेला त्याचे गुण ठरलेले असतात. इथे दुसरं वेटोळं नव्हतंच. कॉइलमधून सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरता प्रचंड प्रवाह गेला, दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उगवलं आणि मावळलं, कवटीने त्याला अडवलं नाही, आणि त्या बदलत्या क्षेत्राने माझ्या भावाच्या मेंदूतच वीज जागवली. त्याच्या पेशींनी तो आपलाच निरोप मानला आणि अंगठ्याला कळवला. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५मध्ये हे पहिल्यांदा माणसावर करून दाखवलं. मी विनंती केली तेव्हा ताईंनी तीच कॉइल माझ्या कोपराखाली धरून एकच स्पंद दिला. माझी बोटं माझ्या इच्छेविना उडाली.

अंगठा उडवण्यामागे कारण असतं. प्रत्येकाची कवटी, मेंदू आणि पेशींची संवेदनशीलता वेगळी असते. दहा स्पंदांपैकी निदान पाच वेळा अंगठा हलेल अशी कमीत कमी तीव्रता शोधतात आणि त्या माणसाची मात्रा त्यावरून ठरवतात. नैराश्यासाठी साधारण तिच्या १२० टक्के. ती सापडली की कॉइल कपाळाच्या दिशेने पुढे, डाव्या भुवईच्या वरच्या अंगाला नेतात. तिथे उपचार सुरू होतो. जुन्या पद्धतीत सेकंदाला १० या गतीने ४ सेकंद स्पंद, मग २६ सेकंद विश्रांती, असे ३,००० स्पंद, साडेसदतीस मिनिटांत. नव्या पद्धतीत स्पंदांचे छोटे झुबके देतात आणि ६०० स्पंद साधारण तीन मिनिटांत संपतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेली दोन्हींची तुलना २०१८मध्ये प्रसिद्ध झाली आणि नैराश्यात छोटी पद्धत मोठीपेक्षा कमी पडली नाही. भावाला मोठी पद्धत दिली. कोणी कपाळावर सतत टिचक्या मारतंय असं वाटतं, म्हणाला. भुवई फडफडायची, सुरुवातीला डोकं दुखायचं. पुढे ते कमी झालं.

मॅडमचा एक दंडक होता. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा काही ओढलं असेल तर आधी सांगायचं, मग त्या दिवशी स्पंद नाहीत. या उपचारात फिट येण्याचा धोका असतो. तो फार कमी आहे, पण उत्तेजक पदार्थ आणि जागरण या दोन्हींनी वाढतो. म्हणून खोटं बोलण्याची किंमत इथे फार आहे, आणि खरं बोलल्याबद्दल शिक्षा नसणं हा उपचाराचाच भाग आहे. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, डोक्यातल्या धातूच्या क्लिपा यांची विचारपूस मॅडमनी पहिल्याच दिवशी केली होती.

कपाळामागचा हाच भाग का? मी विचारत राहिले आणि मॅडम सांगत राहिल्या. माणूस थांबतो, तोलतो, ‘आत्ता नको’ म्हणतो, ती कामं मेंदूच्या या पुढच्या भागाच्या आधाराने चालतात. कोकेनच्या व्यसनी लोकांमध्ये हा भाग मंदावलेला दिसतो आणि डोपामिन स्वीकारणारे काही ग्राहक कमी झालेले असतात, हे संशोधक नोरा वोल्काव यांनी १९९०च्या दशकात मेंदूच्या प्रतिमा काढून दाखवलं. २०१३मध्ये अमेरिकेत अँटोनेलो बोन्ची यांच्या गटाने उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कळ दाबली की कोकेन मिळे, पण पायांना विजेचा चटका बसण्याचा धोकाही असे. बरेच उंदीर थांबले. काही मात्र चटके खाऊनही कळ दाबत राहिले. त्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशी मंदावल्या होत्या. प्रकाशाच्या साहाय्याने त्या जाग्या केल्यावर त्यांचं कोकेनमागे धावणं कमी झालं, आणि पेशी दाबल्यावर थांबलेले उंदीरही पुन्हा धावले.

हे वाचताना मला माझा भाऊ दिसला. घरातलं सोनं गेलं, काम गेलं, ठरलेलं लग्न मोडलं, तरी तो उठून जायचा. आम्ही त्याला किती बोललो, शपथा घातल्या. नातेवाइकांनी संस्कार काढले. ज्या भागाने थांबायचं तोच मंदावला असेल तर शपथ कोणाला घालत होतो आपण? तरी त्याची जबाबदारी संपत नाही, हे मॅडमनी त्याला माझ्यासमोर सांगितलं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला नालायक म्हणणं बंद झालं, आणि केवळ तेवढ्याने घराची हवा बदलली.

उंदरांनंतर माणसं आली. इटलीतल्या पादुआ शहरात लुईजी गालिम्बेर्ती आणि सहकाऱ्यांनी कोकेनच्या ३२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना डाव्या बाजूला सेकंदाला १५ या गतीने स्पंद दिले, अर्ध्यांना नेहमीची औषधं. स्पंदवाल्यांची लघवी जास्त वेळा कोकेनमुक्त निघाली. जगभर बातम्या झाल्या, आणि मला वाटतं त्या चकचकीत पत्रकाचा उगम इथेच कुठेतरी असावा. मलाही हा निबंध वाचून आनंद झाला, मी छापून मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी एकच विचारलं, ‘कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत होतं का?’ होतं. कपाटाएवढ्या यंत्राखाली बसलेल्या माणसाला आशा वाटणारच, आणि आशेचाही परिणाम होतो. म्हणून खोटी कॉइल लागते, जी आवाज करते, पण जिचं चुंबकीय क्षेत्र मेंदूपर्यंत पोचत नाही.

खोट्या कॉइलसह झालेले अभ्यास वाचू लागले तसा माझा गोंधळ वाढत गेला. मेक्सिको सिटीत कोकेनच्या ४४ रुग्णांना दोन आठवडे सेकंदाला ५ या गतीने स्पंद दिले, आणि खोट्या कॉइलच्या तुलनेत तलफ कमी झाली. तो अहवाल २०२१चा. त्याच वर्षी इटलीतल्या दुसऱ्या एका गटाने सेकंदाला १५ची गती खोट्या कॉइलशी ताडून पाहिली, तर खऱ्या-खोट्यात ठळक फरक निघाला नाही. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मेथॲम्फेटामिनच्या व्यसनी लोकांना सेकंदाला फक्त १ या संथ गतीने स्पंद दिले, तेव्हा पदार्थाची चित्रं बघून येणारी तलफ काही काळ वाढली. एकच यंत्र, एकच जागा, गती बदलली की परिणाम उलटा जाऊ शकतो. म्हणजे ‘चुंबकाचा उपचार’ एवढं म्हणण्याला अर्थच नाही. गती किती, तीव्रता किती, कुठे, किती बैठका, हे सगळं मिळून उपचार ठरतो.

शांघायच्या आणि चीनमधल्या इतर गटांनी मेथॲम्फेटामिनवर बरंच काम केलं आहे आणि त्यात तलफ कमी झाल्याचं पुन्हा पुन्हा दिसतं. पण त्यातले बरेच रुग्ण बंदिस्त पुनर्वसन केंद्रांत होते. तिथे पदार्थ मिळतच नाही, त्यामुळे मोजली जाते ती तलफ, कागदावर सांगितलेली. माझ्या भावाला तलफ ज्या चौकात येते तिथे टेम्पो थांबतो, तिथलाच पोरगा माल आणतो आणि मोबाइलमध्ये त्याचा नंबर असतो. केंद्रातली कमी झालेली तलफ त्या चौकात टिकते का, हाच घरच्यांचा खरा प्रश्न आहे. शिवाय मी वाचलेले सगळे अभ्यास कोकेन किंवा मेथॲम्फेटामिनवरचे. एमडी त्यांच्या भाऊबंदांतली, पण वेगळी.

आपल्याकडेही या यंत्रावर काम झालं आहे. रांचीच्या केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेत दारूच्या ४५ रुग्णांवर, खोट्या कॉइलशी तुलना करून झालेला अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात तलफ घटली होती. व्यसनांपैकी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पद्धतीला हिरवा कंदील दिला तो सिगारेटसाठी, २०२०मध्ये. नैराश्याला तो २००८मध्येच मिळाला होता. कोकेन, मेथॲम्फेटामिन आणि एमडी या यादीत नाहीत.

आता भावाचं सांगते. पहिला आठवडा काही झालं नाही. मग तो रात्री झोपू लागला. मग एके दिवशी पिठलं-भाकरी मागून घेतली. आईने पुन्हा वाढली. नैराश्याच्या प्रश्नावलीतले आकडे उतरत गेले. तलफेबद्दल मी घाबरत विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘येते ताई. पण आधी ती आली की मी चपला घातलेल्याच असायच्या. आता मध्ये थोडा वेळ मिळतो.’ शोधनिबंधांतलं काहीही मला या वाक्याइतकं समजलं नाही.

तो वेळ यंत्राने दिला, की पदार्थ सुटल्याने, की झोपेने, की रोज कोणीतरी नीट विचारपूस करण्याने, हे मी सांगू शकत नाही. मॅडमही म्हणाल्या, एका माणसावरून ते ठरत नाही, त्यासाठीच चाचण्या असतात. पण मिळालेल्या वेळात काय करायचं, हे आधी ठरलेलं होतं आणि त्याचं श्रेय नक्की कोणाचं ते मला माहीत आहे. समुपदेशकांनी त्याच्याशी बसून यादी केली होती. नंबर बदलायचा, रात्रीची कामं सोडायची, तलफ आली की फोन कोणाला करायचा. लघवीची तपासणी ठरली. साध्या किटमध्ये मेफेड्रॉन सापडेलच असं नसतं, म्हणून नमुना प्रयोगशाळेत जायचा. स्वच्छ निघाला की त्याच्या आवडीचं काहीतरी लगेच, न चुकता मिळायचं. या पद्धतीत उशीर चालत नाही. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांवर हे करून दाखवलं, आणि उत्तेजकांच्या व्यसनात आजवर सर्वांत भक्कम पुरावा याच साध्या उपायाला आहे. यात चित्र नाही, खोका नाही, म्हणून त्याचं पत्रक कोणी छापत नाही.

स्पंदांची मालिका संपल्यावर, गणपतीच्या कामांत, त्याने पुन्हा एकदा ओढलं. दुसऱ्या दिवशी स्वतः सांगितलं. मॅडम त्याला रागावल्या नाहीत. काय घडलं, कोण सोबत होतं, झोप किती झाली होती, एवढं विचारून यादीत दोन ओळी वाढवल्या. पूर्वी असं झालं की तो आठवडाभर घरी यायचा नाही. या वेळी संध्याकाळी घरी होता. आता तो दिवसाचं काम करतो, दुकानांच्या वायरिंगचं. तपासण्या चालू आहेत आणि स्वच्छ येत आहेत. ‘बरा झाला’ असं आम्ही म्हणत नाही, त्यालाही ते आवडत नाही.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. कपाळाला ओल्या स्पंजचे दोन तुकडे लावून एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह देणारी छोटी यंत्रंही असतात. त्यांच्यावरही संशोधन चालू आहे, पण तो चुंबकापेक्षा वेगळा प्रकार आहे. भावाच्या एका मित्राने तसलं यंत्र ऑनलाइन मागवून घरीच लावायचा बेत केला होता. मी त्याच्या आईला जाऊन भेटले आणि तिला सगळं सांगितलं. चुंबकाच्या स्पंदांची नुसती गती बदलल्यानेही तलफ वाढू शकते हे ज्याने वाचलं आहे, तो आपल्या मुलाच्या कपाळावर अंदाजाने तारा लावू देणार नाही.

माझं मत विचाराल तर असं आहे. या यंत्रामागचं विज्ञान खरं आहे, मी ते अंगठ्यात आणि बोटांत पाहिलं आहे. नैराश्यावर त्याचा उपयोग सिद्ध आहे. एमडी किंवा कोकेनच्या व्यसनावर ते अजून आशेच्या टप्प्यावर आहे, आणि आशा विकणाऱ्यांच्या हाती ते पडता कामा नये. आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी एमडीच्या रुग्णांवर, खोट्या कॉइलसह, बंद केंद्राबाहेर, लघवीच्या तपासणीनिशी नीट चाचण्या कराव्यात. पुण्या-मुंबईत रुग्ण आहेत, डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. ही उत्तरं शांघाय किंवा मेक्सिकोतून आयती मिळणार नाहीत.

तोवर, तुमच्या घरावर ही वेळ आली असेल आणि कोणी हा उपचार सुचवला, तर पैसे भरण्याआधी विचारा: हा उपचार नक्की कशासाठी देताय, नैराश्यासाठी की तलफेसाठी? गती, जागा आणि बैठका किती? मनोविकारतज्ज्ञ स्वतः हजर असतील का? फिट आली तर काय तयारी आहे? सोबत समुपदेशन आणि तपासण्या कोण करणार, आणि मालिका संपल्यावर पुढे काय? जो शांतपणे उत्तरं देईल आणि ‘हे अजून सिद्ध नाही’ असं म्हणायला कचरणार नाही, त्याच्याकडे जा. जो खात्री देईल त्याच्याकडे जाऊ नका. यंत्र मिळालं नाही म्हणून उपचार अडत नाही, हेही लक्षात ठेवा. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून माणसाशी बोलून, त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन काम करतं आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या दोन्ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहेत. लाज बाजूला ठेवा आणि आजच फोन करा.